सुंदरबनची मेंढी आणि दक्षिण खंड

(फलटण येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्या गुरुजींच्या वर्गात भिंतीवर पृथ्वीचा एक कापडी नकाशा टांगलेला असे. वर्षानुवर्षे गुंडाळून व उलगडून त्याची खालची कड इतकी विरली होती की, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा आणि त्याखालचे टास्मानियाचे बेट ही सर्व सुटलेल्या दोऱ्यांत जमा झाली होती. आणि गुरुजी छडीचे टोक त्या दोऱ्यांवर टेकवून, येथे एक बेट आहे, ते ज्याने त्याने मनात काढून घ्यावे, असे अगदी गंभीरपणे सांगत असत. निम्मा भूगोल मनातच काढावयाचा असतो हे मी त्या वर्गात शिकलो. आज त्या विरलेल्या कडेवरच्या मुलखाविषयीच बोलावे असे मी ठरविले, तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी मला विचारले की, फलटणच्या माणसांना ऑस्ट्रेलियाशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त होता. फलटण म्हटले की आपल्याला निंबाळकरांचे घराणे आठवते, सईबाईंचे माहेर आठवते, महानुभावांची दक्षिणकाशी आठवते, आणि आषाढात लोणंद-तरडगावावरून येणारी माउलींची पालखी आठवते. या मालिकेत सिडनीचे बंदर कोठे बसवावे हे कोणालाही सुचू नये यात नवल नाही. मी स्नेह्यांना इतकेच म्हणालो की, गावातल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा मेंढरांचा वाडा एकदा पाहून या. तेथल्या मेंढीच्या रक्तात जे आहे, त्याचा माग काढीत गेले तर आपण त्या खंडातील इंग्रजी वसाहतीच्या अगदी आरंभीच्या, उपासमारीच्या वर्षांत जाऊन पोहोचतो. उत्तर थोडे नाटकी होते खरे. आणि ते आता निभावून नेणे मला भाग आहे.

दक्षिण खंड हा सापडण्यापूर्वी पुष्कळ शतके कल्पिला गेलेला खंड होय. टॉलेमीसारख्या प्राचीन भूगोलवेत्त्याने हिंदी महासागराला दक्षिणेकडून भूमीने वेढून टाकले होते. पुढच्या युरोपीय पंडितांनी असा तर्क चालविला की, उत्तर गोलार्धात एवढी भूमी आहे तर पृथ्वीचा तोल राहावा म्हणून दक्षिणेसही तितकीच असली पाहिजे. आणि सोळाव्या शतकातल्या नकाशांत या तर्काच्या बळावर दक्षिण ध्रुवाभोवती एक अवाढव्य खंड, डोंगर व नद्यांसह, निःशंकपणे रंगविला जाऊ लागला. आपल्या पुराणांनी सात द्वीपे आणि त्यांच्याभोवती इक्षुरसाचे, तुपाचे व दह्याचे समुद्र कल्पिले म्हणून ज्यांना हसू येते, त्यांनी हे नकाशे अवश्य पाहावेत.

प्रत्यक्ष किनाऱ्याला प्रथम लागले ते डच. १६०६ साली विलेम यान्सझोन याचे 'डाउफकेन' नावाचे लहानसे तारू त्या खंडाच्या उत्तरेकडील केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यास टेकले. १६१६ साली डर्क हार्टोग याने पश्चिमेकडील एका बेटावर कथलाची थाळी ठोकून तिच्यावर आपले व जहाजाचे नाव कोरून ठेविले. १६४२ साली टास्मानने दक्षिणेकडील ते बेट पाहिले, जे आमच्या वर्गात दोऱ्यांत जमा होते. ज्या डच कंपनीची कोठी १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यास होती, तिचेच हे नोकर. कंपनीला मिरी पाहिजे होती, जायफळ पाहिजे होते, सोने मिळाल्यास तेही पाहिजे होते. त्या रुक्ष किनाऱ्यावर यांतले काहीच दिसेना, आणि वस्तीतल्या माणसांना तिच्या मालाची गरज भासेना. व्यापाऱ्याने हिशेब पाहिला आणि पाठ फिरविली. मला तर असे वाटते की, त्या खंडाला पुढची दीडशे वर्षे जो निवांतपणा लाभला तो केवळ डच चिटणिसांच्या काटकसरीमुळे.

१७७० साली जेम्स कुक हा 'एंडेव्हर' जहाजातून पूर्व किनाऱ्याने वर चढत गेला आणि त्याच वर्षीच्या २२ ऑगस्ट रोजी उत्तरेकडील एका बेटावर निशाण रोवून तो सारा किनारा त्याने इंग्लंडच्या राजाच्या नावे केला. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्याला दिलेल्या गुप्त हुकमात स्पष्ट लिहिले होते की, सोयीच्या जागांचा ताबा घ्यावा तो तेथील लोकांच्या संमतीने घ्यावा. संमती कोणी विचारली नाही आणि कोणी दिली नाही. याच्या पाचच वर्षे आधी, १७६५ साली, कंपनी सरकारने बंगालची दिवाणी बादशहा शाहआलमकडून सनद लिहून घेऊन मिळविली होती. ती सनद कशा दडपणाखाली लिहून घेतली हे आपण जाणतो, तथापि निदान कागद तरी होता, शिक्का होता, देणारा व घेणारा असे दोन पक्ष होते. दक्षिण खंडात दुसरा पक्षच मानला गेला नाही. पन्नास हजारांहून अधिक वर्षे जेथे माणसांची वस्ती, तेथे मालक कोणी नाही असे धरून पुढचा सारा महसुली व्यवहार झाला, आणि हे धरणे चुकीचे होते असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेबो नावाच्या खटल्यात म्हणावयास १९९२ साल उजाडले.

वसाहत झाली तीही मिरीसाठी नव्हे, सोन्यासाठी नव्हे. अमेरिकेतील वसाहती १७७६ नंतर हातातून गेल्या, तेव्हा इंग्लंडातले जन्मठेपेचे व हद्दपारीचे कैदी पाठवावे कोठे असा पेच पडला. तुरुंग भरले, थेम्स नदीत उभ्या केलेल्या जुन्या जहाजांच्या पोटात माणसे कोंबली गेली, आणि अखेर कुकबरोबर जाऊन आलेल्या जोसेफ बँक्ससारख्यांच्या साक्षीवरून दक्षिण खंडाची निवड झाली. अंदमानच्या कैदी वसाहतीमुळे 'काळे पाणी' हा शब्द आपल्या भाषेत जो थरकाप घेऊन बसला, तो इंग्रज गरिबांच्या बोलीत त्याआधी सत्तर वर्षे 'बॉटनी बे' या नावाने बसला होता. १३ मे १७८७ रोजी अकरा जहाजे पोर्ट्समथहून निघाली. त्यांत हजाराहून अधिक माणसे, पैकी सुमारे साडेसातशे कैदी. आणि २६ जानेवारी १७८८ रोजी गव्हर्नर आर्थर फिलिप याने सिडनीच्या खाडीत निशाण चढविले. आपला प्रजासत्ताक दिन तो त्यांचा राष्ट्रदिन, आणि ज्यांची भूमी गेली त्यांचा शोकाचा दिवस. इकडे त्याच वर्षी दिल्लीत गुलाम कादराने शाहआलमचे डोळे काढले आणि महादजी शिंद्यांनी त्याचे पारिपत्य केले. पुण्याच्या दप्तरात त्या धामधुमीचे कागद मुबलक आहेत.

पहिल्या चार वर्षांत ती वसाहत मेली नाही हे आश्चर्य. कैद्यांत शेतकरी थोडे, माती अनोळखी, ऋतू उलटे. मे १७८८ च्या गणतीत साऱ्या वसाहतीत मेंढरे उरली होती २९, तीही वाटेत आफ्रिकेच्या टोकाशी घेतलेली जाड्या शेपटांची. रसद आणणारे 'गार्डियन' जहाज १७८९ च्या अखेरीस हिमखंडावर आपटले. १७९० च्या मार्चमध्ये 'सिरियस' हे वसाहतीचे मोठे जहाज नॉरफोक बेटाच्या खडकावर फुटले. मग शिधा तोडण्यात आला: माणशी आठवड्यास अडीच पौंड पीठ, दोन पौंड खारे डुकराचे मांस आणि दोन पौंड तांदूळ. गव्हर्नरच्या घरी जेवणाचे आमंत्रण असले तर पाहुण्याने आपली पोळी आपणच बरोबर न्यावी असा दंडक पडला, आणि तो खुद्द गव्हर्नरने पाडला. जुन्या दुष्काळांच्या हकिकती ज्यांनी माण-खटावात वडिलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत त्यांना या दंडकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. बंदराच्या भोवतालची मूळ माणसे तर १७८९ च्या देवीच्या साथीत अशी पटापट गेली की, खडकांच्या कपारीत प्रेते तशीच पडून राहिली. त्यांच्या शिध्याची चौकशी कोणत्याही जाबत्यात नाही.

विलायत आठ महिन्यांच्या वाटेवर. अशा वेळी फिलिपची दृष्टी वळली ती आधी बटाव्हियाकडे आणि नंतर कलकत्त्याकडे, आणि माझ्या मते ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातला हिंदुस्थानचा अध्याय येथून सुरू होतो, जो त्यांच्या शाळांत शिकवीत नाहीत आणि आपल्याही शिकवीत नाहीत. १७९१ च्या ऑक्टोबरात त्याने 'अटलांटिक' हे जहाज कलकत्त्यास रवाना केले. ते जून १७९२ मध्ये परत आले. डेव्हिड कॉलिन्स हा त्या वसाहतीचा न्यायाधिकारी. त्याने ठेवलेली सविस्तर बखर १७९८ साली लंडनला छापली गेली. तीत या जहाजातून काय उतरले ते नमूद आहे: तांदूळ, सुजी आणि डाळ. सुजी आणि डाळ हे शब्द त्याने इंग्रजी लिपीत जसे कानाला लागले तसे लिहिले आहेत. ज्या किनाऱ्यावर त्यापूर्वी कधी डाळ शिजली नव्हती, तेथे लंडनच्या पाकीटमारांना आणि आयर्लंडच्या कैद्यांना बंगालची डाळ मापून वाटण्यात येत होती, हे चित्र मला कुकच्या निशाणापेक्षा अधिक बोलके वाटते. साम्राज्याचे निशाण लंडनचे असले तरी कोठार बहुधा दुसऱ्याच कोणाचे असते.

त्याच 'अटलांटिक'वर काही मेंढरेही होती. पुढच्या वर्षी, १७९३ च्या फेब्रुवारीत, कलकत्त्याहूनच 'शाह हॉर्मुझिअर' नावाचे जहाज आले (नाव पाहा, फारसी शहाचे, कप्तान मात्र विल्यम बॅम्प्टन नावाचा इंग्रज) आणि त्यानेही मेंढरे आणली, वाटेत पुष्कळशी दगावली, तरी उरली तेवढ्यांनी त्या वसाहतीतला मेंढरांचा आकडा एकदम वाढविला. ही बंगाली मेंढी लहान, केसाळ, लोकरीच्या दृष्टीने कवडीमोलाची. खाण्यासाठी आणली होती, खाल्ली गेली. तिची जात कोणती, ती कोणत्या रानातली, याची चौकशी करण्याइतके पोट कोणाचेच भरलेले नव्हते.

या बॅम्प्टनचा आणखी एक उद्योग मराठी श्रोत्यांना सांगण्यासारखा आहे. वसाहतीस गुरे पुरविण्याचा त्याने करार केला आणि ती गुरे आणली ती आपल्या मुंबईहून. ३१ मे १७९५ रोजी त्याचे 'एंडेव्हर' जहाज (कुकचे ते नव्हे, नावाचे तेवढे साम्य) मुंबईची सव्वाशेहून अधिक गुरे घेऊन सिडनीस लागले. इकडे त्याच सालच्या मार्चात खर्ड्याची लढाई झाली होती, निजामाचा मोड झाला होता, आणि पुण्यात सवाई माधवरावांच्या दरबारी विजयाच्या नजराण्यांची गर्दी उडाली होती. आमच्या बखरकारांना खर्ड्यावर कोणत्या सरदाराच्या पथकात किती घोडे होते हे ठाऊक आहे. मुंबई बेटाच्या धक्क्यावरून सव्वाशे गुरे दोरांनी उचलून गलबतात चढविली जात होती आणि ती पृथ्वीच्या खालच्या कडेला जाणार होती, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बखर दरबारासाठी लिहिली जाते, धक्क्यासाठी कोणी लिहीत नाही.

गुरांचाच विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. पण ती नुसती गंमत नाही, पुढे तिचा धागा लागणार आहे. पहिल्या ताफ्याने आफ्रिकेच्या टोकाहून जी थोडी गुरे आणली होती, त्यांतली दोन वळू आणि चार-पाच गाई १७८८ सालीच एका कैदी गुराख्याच्या हलगर्जीपणामुळे रानात भरकटल्या. वाघ-लांडगे नसले तरी भाले होते. ती मेली असे सर्वांनी धरले. सात वर्षांनी, १७९५ च्या अखेरीस, सिडनीच्या नैर्ऋत्येस पन्नास-साठ किलोमीटरवर नेपियन नदीच्या पलीकडल्या कुरणांत एक दांडगा कळप चरताना आढळला, मोजदाद झाली तेव्हा साठाहून अधिक. सरकारी देखरेखीतली जनावरे उपासमारीत खंगत असता पळालेली दहापट झाली होती. त्या मुलखाला इंग्रजांनी 'गाईंची कुरणे' असे नाव दिले. म्हणजे त्या खंडातले उत्तम चराऊ रान कोणा साहसी संशोधकाने शोधले नाही, मोकाट गाईंनी शोधले.

आता जॉन मॅकार्थर या गृहस्थाकडे वळतो. त्या वसाहतीच्या, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या, पलटणीतला हा अधिकारी. तापट, हिशेबी, ज्या गव्हर्नरशी भांडला नाही असा गव्हर्नर विरळा, आणि २६ जानेवारी १८०८ रोजी गव्हर्नर ब्लाय याला पलटणीने पदच्युत केले त्या बंडाचा सूत्रधार. त्याच्या स्वतःच्या निवेदनाप्रमाणे १७९४ साली त्याने कलकत्त्याहून आलेल्या साठ बंगाली मेंढ्या व कोकरे विकत घेतली आणि एका आयरिश जहाजावरून मिळालेल्या मेंढ्यांशी व नराशी त्यांचा संकर केला. संकराच्या कोकरांच्या अंगावर केसांत मिसळलेली लोकर दिसली, तेव्हा या हवापाण्यात लोकर सुधारते ही कल्पना त्याच्या मनाने घेतली. तीन वर्षांनी, १७९७ साली, वॉटरहाउस आणि केंट या दोन कप्तानांनी केपहून अस्सल स्पॅनिश मेरिनो मेंढरे आणली, आणि मग मॅकार्थरने मागे वळून पाहिले नाही. त्याने लंडनला जाऊन सरकारची खात्री पटविली आणि १८०५ साली पाच हजार एकरांची जमीन मिळविली. कोठे, तर गाईंच्या त्या कुरणांतच. त्या खंडाच्या लोकरीच्या वैभवाचा आरंभ म्हणून आज तेथील इतिहासात मेरिनोचे नाव घेतात, मॅकार्थरचे घेतात. ज्या साठ बंगाली मेंढ्यांच्या अंगावर तो पहिला प्रयोग झाला, त्यांचे नाव निघाले तर 'हलकी जनावरे' एवढ्यापुरते.

चराऊ रान म्हणजे कोणाचे तरी गाव असते, हे आपल्या धनगर बांधवांइतके कोणाला ठाऊक असणार? दिवाळी झाली की फलटण, माण, खटाव या बाजूचे कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात. वाटेत ज्याच्या शिवारात मेंढरे बसवायची त्याची परवानगी घ्यावी लागते, खताचे मोल ठरते, कधी धान्य मिळते, कधी बोलणी खावी लागतात. सरकारी वनात शिरले तर दंड भरावा लागतो. चराईचा हा करार अलिखित आहे, पण तो दोघांमधला आहे. न्यू साउथ वेल्समध्ये मेंढरांच्या मागे बंदूक चालली. १८१३ साली निळ्या पर्वतांपलीकडची वाट सापडल्यावर बिनसनदी चराईदारांचे लोंढे आत शिरले, आणि जेथे जेथे मेंढरे गेली तेथे तेथे मूळ लोकांचे कंद खणण्याचे माळ, पाणवठे आणि शिकारीची राने गेली. गाईंच्या कुरणांशेजारी अॅपिन नावाचे ठिकाण आहे. तेथे १७ एप्रिल १८१६ च्या रात्री शिपायांनी धारावल लोकांच्या मुक्कामावर छापा घातला. पळणारी माणसे कड्यावरून खाली गेली. निदान चौदा माणसे मेली, त्यांत बायका होत्या, मुले होती.

ज्या गव्हर्नरच्या हुकमाने ते शिपाई निघाले होते तो लॅकलन मॅक्वारी हा आपल्या मुंबईत घडलेला माणूस होता. १७८८ साली, म्हणजे सिडनीत निशाण चढले त्याच वर्षी, तो आपल्या पलटणीबरोबर मुंबईस उतरला. श्रीरंगपट्टणच्या दोन्ही मोहिमांत लढला. १७९३ साली मुंबईतच जेन जार्विस या तरुणीशी त्याने लग्न केले आणि तीन वर्षांत ती क्षयाने मकावला वारली, तेव्हा तिचे शव मुंबईस आणून पुरले. कोचीनला त्याने दोन गुलाम मुलगे विकत घेतले होते. त्यांतल्या एकाला पत्नीच्या माहेरचे नाव देऊन जॉर्ज जार्विस केले, आणि हा जॉर्ज पुढे त्याच्यामागे ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. १८१० पासून जवळजवळ बारा वर्षे मॅक्वारीने ती वसाहत सांभाळली; रस्ते बांधले, सुटलेल्या कैद्यांना प्रतिष्ठा दिली, मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा काढली, त्या खंडाला 'ऑस्ट्रेलिया' म्हणावे असा आग्रह सरकारी पत्रव्यवहारात धरला. तेथे पदोपदी त्याचे नाव आहे. शाळा काढणारा आणि शिपाई धाडणारा हात एकच होता, याचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. इकडच्या कंपनी सरकारच्या अंमलदारांत असे हात आपण पुष्कळ पाहिले आहेत.

आता मेंढीच्या मागावर परतून, दीडशे वर्षे ओलांडून दुसऱ्याच ठिकाणी जाऊ. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाच्या मळ्यावर सीअर्स आडनावाचे दोघे भाऊ मेरिनो मेंढरे पाळीत. मेरिनो मेंढी बहुधा एकच कोकरू देते. यांच्या कळपात दोन, तीन, क्वचित पाचसुद्धा होत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांतली काही जनावरे त्या देशाच्या सरकारी विज्ञानसंस्थेने घेतली, आणि हेलेन न्यूटन टर्नर या विदुषीने त्यांचा अभ्यास चालविला. बाई मूळच्या वास्तुशास्त्राच्या पदवीधर, पुढे संख्याशास्त्राकडे वळलेल्या. मेंढरांच्या कुळांचा हिशेब त्यांनी कुळकर्ण्याच्या चिकाटीने मांडला, आणि जुनी दप्तरे चाळून १९८२ च्या सुमारास असे अनुमान केले की, ही बहुप्रसवता १७९२-९३ च्या बंगाली मेंढ्यांतून उतरलेली असावी. त्याच सुमारास असेही दिसून आले की, तिचे कारण अनेक जनुकांत विखुरलेले नसून एकाच जनुकात आहे. त्याला 'फेक-बी' म्हणतात. यातला 'बी' हा बुरूलाचा.

दप्तरावरून केलेले अनुमान आणि रक्ताची साक्ष यांत अंतर असते. ती साक्ष २००१ साली मिळू लागली, जेव्हा निरनिराळ्या तीन संशोधक-गटांनी त्या जनुकातला नेमका बदल ओळखला. आणि २००२ साली आठ देशांतल्या बहुप्रसव मेंढ्यांची तपासणी झाली, तेव्हा सुंदरबनातल्या गरोल जातीच्या मेंढीत हुबेहूब तोच बदल आढळला. गरोल म्हणजे दहा-पंधरा किलोंची, चिखलात गुडघाभर उभी राहून चरणारी, दर वेताला जुळी-तिळी देणारी बंगालची मेंढी. दोनशे वर्षे 'हलके जनावर' म्हणून जिचे नाव गळाले होते, तिने आपली सही मेरिनोच्या रक्तात ठेवली होती.

आणि फलटण? येथील संस्था बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केली. दख्खनी मेंढीला एकच कोकरू होते आणि त्या एकावर धनगराचे वर्ष निघत नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. गरोलची माहिती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळविली, १९९० नंतरच्या वर्षांत सुंदरबनातून ती मेंढरे येथे आणली, आणि पुढे डॉ. चंदा निंबकर यांच्या देखरेखीखाली, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या व ऑस्ट्रेलियातील आर्मिडेल येथील विद्यापीठाच्या सहकार्याने, ते जनुक लोणंदकडच्या दख्खनी मेंढीत पिढ्यान्‌पिढ्या संकर करून उतरविले. अंग दख्खनी, वेत गरोलचे, असा हा बेत. त्यातून निघालेल्या वाणाला 'सुवर्णा' असे नाव आहे.

येथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्या गावात मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. बंगालची मेंढी ऑस्ट्रेलियाला गेली आणि दोनशे वर्षांनी तेथून फलटणला परत आली, अशी गोष्ट मी दोन-तीनदा ऐकली आहे. गोष्ट गोड आहे, पण खोटी आहे. फलटणची गरोल सरळ सुंदरबनातून आली. ऑस्ट्रेलियाहून आली ती तिची कीर्ती: आपल्याच देशाच्या एका कोपऱ्यातल्या मेंढीत काय दडले आहे, हे ओळखण्याची दृष्टी त्या खंडाला वळसा घालून आपल्याकडे आली. यात कमीपणा मानण्याचे काही नाही, पण फुशारकीचेही नाही.

तरडगावच्या बाजूला एका वृद्ध धनगराशी मी या जुळ्यांविषयी बोललो होतो. त्याचे म्हणणे असे की, दोन कोकरे चांगलीच, पण चालत्या वाड्यात एक काखेत घेता येते, दुसऱ्यासाठी काख कोठून आणावी. आणि आईला दूध दोघांपुरते पाहिजे तर तिला चाराही दोघींचा पाहिजे. शास्त्रज्ञांनाही हे मान्य आहे. जुळ्यांच्या मेंढीला वेताच्या सुमारास वेगळा खुराक द्यावा असे ते सांगतात. त्या धनगराच्या पालाबाहेर कातरलेल्या काळ्या लोकरीचा ढीग पावसात भिजत पडला होता. कातरणावळीइतकेही तिचे दाम येत नाहीत, असे तो म्हणाला. ज्या लोकरीपायी दक्षिण खंडात राने गेली आणि माणसे गेली, तिची दख्खनी बहीण येथे उकिरड्यावर पडून आहे आणि मेंढी जगते आहे ती कोकरांवर; कलकत्त्याच्या धक्क्यावर १७९२ साली मेंढीची जी किंमत होती, खाण्यापुरती, तीच आजही आहे.

माझी एकच विनंती आहे, आणि ती येथे मागच्या बाकांवर बसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आहे. मुंबई इलाख्याची जुनी दप्तरे मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. बॅम्प्टनच्या गुरांची हकिकत आज आपण सिडनीच्या बाजूने वाचतो, कारण तिकडे कॉलिन्सने ती लिहून ठेवली. १७९४-९५ सालच्या मुंबईच्या दप्तरांतून, त्या गुरांना गोळा करणाऱ्या, धक्क्यापर्यंत हाकणाऱ्या आणि जहाजात चढविणाऱ्या माणसांच्या बाजूने ती लिहिणारा कोणी आपल्यातून निघावा. इंग्रजी हस्ताक्षर लावता येऊ लागावयास सहा महिने लागतात, मोडीला त्याहून थोडे अधिक. ज्याला मोडी शिकावयाची असेल त्याने मजकडे यावे. रविवारी सकाळी मी घरीच असतो.